बाई पुढे गेल्या

बाईंनी परदेशातल्या शाळेत शिकवायला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या यजमानांनी एकच अट घातली होती. “मी येतो. पण तिथे मला कुणी बोलायला लावायचं नाही.”

“तुम्ही सामान म्हणून या,” बाई म्हणाल्या होत्या. “सामानाला कोण बोलायला लावतंय?”

यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी पंपहाउसमध्ये गेली म्हणून ओळखीपाळखीचे त्यांना पंपवाले म्हणत. पंपाच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचा थांबतो. पंपवाले निवृत्तीनंतरही थांबलेलेच होते. त्यांच्या पत्नीची तऱ्हा उलटी. त्या शाळेत शिकवायच्या, आणि वर्गात बोलून उरलेलं घरी आणून बोलायच्या. विद्यार्थी, शेजारी, भाजीवाला, सगळेच त्यांना बाई म्हणत. लग्नानंतर वर्षभरात पंपवालेही बाईच म्हणू लागले.

स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेमार्फत हे जायचं ठरलं होतं. दूर देशात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मुलींच्या शाळेत एक सत्र शिकवायचं, आणि निघताना एका मुलीची शिष्यवृत्तीसाठी निवड करायची, म्हणजे तिचं पुढचं शिक्षण वरच्या गावातल्या मोठ्या शाळेत होईल. शिष्यवृत्तीतला बराचसा भार बाईंनी स्वतःच उचलला होता. तिथली भाषाही त्यांनी शिकायला घेतली. मोबाईलवर धडे लावून त्या स्वयंपाकघरात मोठमोठ्याने घोकायच्या: स्टेशन कुठे आहे, टोमॅटो ताजे आहेत का, माझा स्वेटर निळा आहे. पंपवाले बाहेर पेपर वाचत बसलेले असायचे. शिकायला त्यांनी साफ नकार दिला होता, पण कानाला काही झाकण नसतं.

मग एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

आलेगेले पांगल्यावर लेकीने विषय काढला.

“बाबा, आईने त्या शाळेला शब्द दिलाय.”

“तिने दिलाय.”

“मग पाळायचा कुणी?”

पंपवाल्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “मला शिकवता येत नाही,” ते म्हणाले.

“आईला तरी पहिल्या दिवशी कुठे येत होतं? आणि इथे राहून काय करताय? सकाळी दोन कप चहा करताय आणि एक मोरीत ओतताय.”

हे कुणाला दिसत असेल असं पंपवाल्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी माळ्यावरून बॅग काढली.

लेकीने संस्थेला फोन करून सगळं सांगितलं. संस्थेच्या ऑफिसातली मुलगी हळवी होती. परक्या शाळेला अशी बातमी कोरडी कशी कळवायची, या संकोचाने तिने तिकडे एवढंच कळवलं: ‘दोघांऐवजी सध्या एकच येत आहेत.’ पुढे जे काही रामायण घडलं, त्याचं बी त्या ‘सध्या’त होतं.

शाळेच्या फाटकाशी मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि मुली ओळीने उभ्या होत्या. मुख्याध्यापिका अंगाने भरभक्कम, आवाज घंटेसारखा. त्यांनी पंपवाल्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि मग त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यांनी पाहुण्यांची खोली उघडून दाखवली. दोन पलंग, दोन उशा, दोन टॉवेल, खिडकीपाशी समोरासमोर दोन खुर्च्या.

“आणि तुमच्या पत्नी?” त्यांनी विचारलं.

‘पत्नी’ हा शब्द कुटुंबाच्या धड्यात होता, त्यामुळे प्रश्न कळला. उत्तर मात्र कुठल्याच धड्यात नव्हतं. धडे तयार करणाऱ्यांच्या जगात लोक बाजारात जात, गाडी चुकवत, पावसात भिजत, पण मरत कुणी नसे. फार तर एखाद्याचं डोकं दुखे. पंपवाल्यांनी जवळचे सगळे शब्द धुंडाळले आणि जे हाताला लागले ते जुळवले.

“बाई पुढे गेल्या.”

आपल्याकडे हे वाक्य शेंबड्या पोरालाही समजतं. पण त्या भाषेत पुढे म्हणजे पुढेच.

“पुढे? कुठे?”

पंपवाल्यांनी बोट वर केलं. खिडकीतून त्या बोटाच्या रेषेत डोंगर होता, आणि डोंगराच्या खांद्यावर वरचं गाव.

“वर?” मुख्याध्यापिकांच्या कपाळावरची आठी गेली.

“वर.”

“एकट्याच?”

प्रश्न पंपवाल्यांना जरा चमत्कारिक वाटला. “एकट्यानेच जावं लागतं,” ते म्हणाले.

“अरेरे. मग तुम्ही कधी जाणार?”

हे तर फारच झालं. पण देश परका, इथे नवराबायकोच्या मायेची चौकशी अशीच करत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. “मी,” त्यांनी उसासा टाकला, “आज ना उद्या.”

मुख्याध्यापिकांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “आज नको. आज तुम्ही दमलेले दिसताय. उद्या सकाळी जा. मी सगळी व्यवस्था करते.”

शेवटचं वाक्य पंपवाल्यांना कळलं नाही. पण ‘उद्या’ आणि ‘सकाळी’ हे दोन्ही शब्द त्यांना पक्के येत होते, आणि त्यांच्या पाचावर धारण बसली.

सकाळी नेहमीसारखी जाग आली, तेव्हा त्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. बाहेर शाळेची जीप उभी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. “वर,” त्याने डोंगराकडे बोट दाखवलं. पंपवाल्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे शिष्यवृत्तीच्या मुली जिथे शिकतात ती मोठी शाळा दाखवायला नेतायत. ते निमूटपणे पुढच्या सीटवर जाऊन बसले.

पहिल्याच वळणावर ड्रायव्हरने विचारलं, “बाई दिसायला कशा?”

पंपवाले त्याच्याकडे बघतच राहिले. बाई गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरी सगळ्यांना ठाऊकच होतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते विचारत नाहीत, ते विषय बदलतात. इथे एक परका माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होता. आणि नेमका कपड्यांचा आणि रंगांचा धडा त्यांना येत होता.

“केस पांढरे,” ते सावकाश म्हणाले. “चष्मा. चष्म्याला दोरी. स्वेटर निळा. उंच नाही. भरभर चालते.”

“भरभर?”

“फार. मी मागे. नेहमी मागे.”

ड्रायव्हरने गंभीरपणे मान हलवली आणि जीपचा वेग वाढवला.

वरच्या गावात पोचल्यावर मोठी शाळा काही आली नाही. जीप आधी बस थांब्यापाशी उभी राहिली, मग चहाच्या दुकानापाशी, मग एका लॉजपाशी, मग बेकरीपाशी. प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हर उतरून काहीतरी सांगायचा आणि जीपकडे हात करायचा. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, बाई दिसायला कशा? पंपवाले सांगायचे. केस पांढरे, चष्म्याला दोरी, स्वेटर निळा. लोक लक्ष देऊन ऐकायचे, एकमेकांकडे बघायचे आणि नाही नाही अशी मान हलवायचे. लॉजवाल्या म्हातारीने त्यांचा हात धरला. बेकरीवाल्याने गरम पाव हातात ठेवला आणि घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

काय माणसं आहेत, पंपवाल्यांच्या मनात आलं. आपल्याकडे लोक भेटायला घरी येतात. इथे दुःख झालेल्या माणसालाच गाडीत घालून दारोदार नेतात, गेलेल्या माणसाचं वर्णन विचारतात आणि सगळे मिळून मान हलवतात. घरी जो तो ‘सावरा’ म्हणत होता. इथे जो तो ‘आणखी सांगा’ म्हणत होता. त्यामुळे पंपवाले आणखी सांगत गेले. बेकरीपर्यंत ते ‘हसते तेव्हा डोळे बंद’ इथवर पोचले होते. एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते.

जीप पोलीस चौकीसमोर थांबली, तेव्हा पोलिसांनाही इतकी माणुसकी असते हे पाहून त्यांना भरून आलं. चौकीत एक हवालदार होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोरा कागद पुढे ओढला. ड्रायव्हरने बराच वेळ काहीतरी सांगितलं. हवालदाराने ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि पंपवाल्यांना विचारलं, “बाईंना तुम्ही शेवटचं कुठे पाहिलंत?”

“हॉस्पिटलमध्ये,” पंपवाले म्हणाले.

हवालदार ताडकन उठला. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला; सगळं गाव पालथं घातलं आणि नेमकं हॉस्पिटलच राहिलं. कागदावर पंपवाल्यांची सही घेऊन हवालदाराने एक फोन लावला आणि तिघेही जीपमध्ये बसले.

हॉस्पिटल गावाच्या टोकाला होतं. तिथल्या मेट्रनला इंग्रजी येत होतं, आणि पंपवाल्यांना ऑफिसापुरतं इंग्रजी येत होतं. हवालदार आणि ड्रायव्हर खालचे वॉर्ड बघायला गेले. मेट्रनने पंपवाल्यांना आपल्या खोलीत बसवलं.

“तुमच्या मिसेस आमच्याकडे नाहीत,” ती म्हणाली. “नोंदवही तपासली. त्या हरवल्या कधी?”

“हरवल्या?”

“तुम्ही चौकीत तक्रार केलीत ना? हवालदाराने खालच्या शाळेलाही कळवलंय. त्यांनी वर्ग सोडून दिले. मुली, शिक्षिका, आसपासचे शेतकरी, सगळे डोंगर शोधतायत.”

पंपवाल्यांच्या डोक्यात कालपासूनचे सगळे प्रश्न पुन्हा एकेक करून उभे राहिले. पुढे? वर? एकट्याच? तुम्ही कधी जाणार? या खेपेस ते सगळे आपापल्या जागी बसले, आणि पंपवाल्यांना दरदरून घाम फुटला.

“मॅडम,” ते म्हणाले, “माझी पत्नी वारली. आमच्या देशात वारली. काही महिने झाले.”

“मग सकाळपासून तुम्ही कुणाला शोधताय?”

“मी नाही शोधत. मला वाटलं, हे लोक माझं सांत्वन करतायत.”

मेट्रनच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तोंडावर हात ठेवला आणि हसू लपवायला खिडकीकडे वळली. मग तिचा हात हळूच खाली आला. तिने पंपवाल्यांना खुणेनेच जवळ बोलावलं.

खिडकीतून डोंगराचा सगळा उतार दिसत होता. त्या उतारावर माणसांची एक लांब रांग वर सरकत होती. गणवेशातल्या मुली, हातात काठ्या घेतलेले शेतकरी, मधोमध भरभक्कम मुख्याध्यापिका. प्रत्येक झुडपापाशी कुणीतरी वाकून बघत होतं. वाऱ्याबरोबर आवाज वर येत होता. पंपवाल्यांनी आल्यापासून एकच नाव घेतलं होतं, त्यामुळे तेच नाव आहे अशी सगळ्यांची समजूत झाली होती. मुली हाका मारत होत्या, “बाई... बाई...”

“मी फोन करते,” मेट्रन म्हणाली. “थांबवायला हवं त्यांना.”

“हो,” पंपवाले म्हणाले. मग म्हणाले, “जरा थांबा.”

“का?”

बाई गेल्या त्या दिवसापासून सगळ्यांनी सगळं वेळेवर केलं होतं. हॉस्पिटलने दाखला दिला. बँकेने नाव कमी केलं. शेजारणींनी कपाट आवरून दिलं. लेकीने फोटो मोठा करून भिंतीवर लावला. सगळ्यांची खात्री होती. घरातल्या एका दाराआडसुद्धा कुणी डोकावून बघितलं नव्हतं, बाई तिथे आहेत का म्हणून. पंपवाल्यांना स्वतःला पुष्कळदा बघावंसं वाटलं होतं. पण शहाणासुरता माणूस, लाज वाटली. आणि इथे तिला कधी न पाहिलेलं एक आख्खं गाव झुडपांखाली वाकून तिला शोधत होतं.

“त्या झाडांपर्यंत,” ते म्हणाले. “तेवढं जाऊ द्या. मग सांगू.”

मेट्रनने फोन खाली ठेवला. दोघंही खिडकीशी उभी राहिली. रांग सावकाश वर आली. मुख्याध्यापिका एकदा घसरल्या, दोन मुलींनी त्यांना उठवलं. मग सगळी रांग झाडांत शिरली आणि दिसेनाशी झाली. पलीकडे कुणी नाही, हे पंपवाल्यांना ठाऊक होतं. तरी ती माणसं बाहेर निघेपर्यंत त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही. माणसं एकेक करून बाहेर आली. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं.

“आता सांगा,” पंपवाले म्हणाले. आणि लगेच, “नको, मीच सांगतो. त्यांच्या भाषेत काय म्हणतात?”

मेट्रनने शब्द सांगितला. अगदी छोटा होता. ओठ एकदा मिटायचे, एकदा उघडायचे, की झालं.

हवालदाराला मेट्रनने सांगितलं. पंपवाले ड्रायव्हरबरोबर खाली निघाले. चुकायला नको म्हणून ते सीटवर बसून तो शब्द पुटपुटत होते. बाई आणि तो शब्द. बाई आणि तो शब्द. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ड्रायव्हरने जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. पंपवाल्यांनी मान हलवली.

ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. “पण मी तर वेग वाढवला होता,” तो म्हणाला.

मुख्याध्यापिका उतारावरच भेटल्या. बूट चिखलाने भरलेले, आवाज हाका मारून बसलेला. पंपवाल्यांनी समोर उभं राहून शब्द उच्चारला. मुख्याध्यापिकांनी तो पुन्हा म्हणायला लावला. मग त्या होत्या तिथेच गवतावर बसल्या.

“मी तुम्हाला म्हणाले, उद्या जा,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सकाळीच जा, म्हणाले.”

“गाडीही दिलीत,” पंपवाले म्हणाले.

मुख्याध्यापिकांना हसू फुटलं. बसलेल्या घशातून ते हसू विचित्रच येत होतं, आणि त्याचं रडणं कधी झालं ते जवळ उभ्या असलेल्या मुलींनाही कळलं नाही. पंपवाले त्यांच्या शेजारी गवतावर बसले. बाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. माणसं फार होती, कामं फार होती. आता ते रडले. मुली पायांना बोचलेले काटे काढत आजूबाजूला बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते तक्रार मागे घ्यायला चौकीत गेले. आता मोजकंच आणि सावकाश बोलायचं, असा दोन्ही बाजूंनी कानाला खडा लावला होता.

“मागे घेता येत नाही,” हवालदार म्हणाला. “शोध झालाय. एवढी माणसं कामाला लागली. आता निकाल दाखवावा लागतो. सापडल्या, किंवा सापडल्या नाहीत.”

“वारल्या, असं लिहा.”

“आमच्या हद्दीत वारल्या?”

“नाही.”

“मग मला तसं लिहिता येत नाही.” हवालदार नियमाचा माणूस होता, पण दगड नव्हता. त्याने बराच विचार केला. “सापडल्या असं लिहिलं, तर आत्ताच्या आत्ता बंद होईल.”

“मग तसं लिहा.”

“त्यांची सही लागेल.”

पंपवाल्यांनी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

“मग राहू द्या,” पंपवाले म्हणाले.

हवालदाराने ‘सापडल्या नाहीत, शोध चालू’ असं लिहिलं. तक्रारदार या भागात आहे तोवर अधूनमधून येऊन त्याला शोध कुठवर आला ते सांगावं लागतं, असा नियम होता. “तुम्हाला त्रास होईल,” तो ओशाळून म्हणाला. पंपवाले म्हणाले, होऊ दे.

सत्र सुरू झालं. पंपवाल्यांना जे एकच काम येत होतं त्याचा तिथे काडीचा उपयोग नव्हता, कारण शाळेत पंपच नव्हता. झऱ्याचं पाणी आपलं आपण उतरून टाकीत येई. मग ते गणित शिकवू लागले. आकड्यांना फारसं बोलावं लागत नाही. भाषेचं मुलींनी मनावर घेतलं. या माणसाला पुन्हा शब्द कमी पडता कामा नये, असं त्यांनी आपसात ठरवलेलं दिसत होतं. मधल्या सुट्टीत एकेक जण एकेक शब्द आणून द्यायची. सुरुवातीला, पुन्हा घोटाळा नको म्हणून, मरणाचेच सगळे शब्द आले. जनावरासाठी वेगळा, झाडासाठी वेगळा, दिवा विझतो त्याला वेगळा. मग हळूहळू दुसरेही येऊ लागले. आठवण. कंटाळा. ऊब. वाट बघणं.

सत्राच्या अखेरीस शिष्यवृत्तीच्या मुलाखती झाल्या. घ्यायला मुख्याध्यापिका आणि पंपवाले. पंपवाल्यांजवळ आता शब्द पुष्कळ होते, पण पहिली मुलगी समोर येऊन बसली आणि घाबरल्यामुळे त्यांचे सगळे शब्द पळून गेले. उरलं ते स्वयंपाकघरातून ऐकलेलं.

“टोमॅटो ताजे आहेत का?” त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापिकांनी छताकडे पाहिलं. मुलगी अभ्यासू होती आणि प्रेमळही होती. “हो सर,” ती म्हणाली, “अगदी ताजे.”

एकीला एक आणि दुसरीला दुसरं विचारलं तर अन्याय होईल, म्हणून पंपवाल्यांनी प्रत्येकीला तेच विचारलं. बिचाऱ्यांचं मन मोडायला नको म्हणून प्रत्येक मुलगी हो म्हणाली. एकीने तर घरून आणून देते म्हणून सांगितलं. शेवटची मुलगी चणीने बारीक होती. तिने टेबलावर पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

“सर, इथे टोमॅटो नाहीत.”

“नक्की?”

“मी बघितलं.”

ती बाहेर गेल्यावर पंपवाले म्हणाले, “ही.”

“पहिलीचे मार्क हिच्यापेक्षा जास्त आहेत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“हिने बघितलं,” पंपवाले म्हणाले, आणि त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दुसरं काही बोलले नाहीत. मुख्याध्यापिकांनी वाद घालघालून अखेर सही केली. पहिली मुलगी मात्र वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन रडली. ते पंपवाल्यांनी पाहिलं आणि लेकीला फोन लावला.

“एक मुलगी उरलीय,” ते म्हणाले. “आणखी एक शिष्यवृत्ती हवी.”

“बाबा, आईने एकच ठरवली होती.”

“तिला ही दुसरी भेटली नव्हती.”

वडिलांनी आपणहून फोन करून एवढं बोलल्याचं लेकीला आठवत नव्हतं. “बघते काहीतरी,” ती म्हणाली, आणि तिने काहीतरी बघितलं.

हवालदार ठरल्याप्रमाणे यायचा. शाळेच्या पायरीवर बसायचा आणि टोपी गुडघ्यावर ठेवायचा. “काही नवीन नाही,” तो म्हणायचा. “शोध चालू आहे.” पंपवाले म्हणायचे, “बरं.” मग चहा व्हायचा. पहिल्या खेपेस दोघंही अवघडले होते. नंतर पंपवाले त्याच्या येण्याच्या दिवशी सकाळपासून रस्त्याकडे नजर ठेवू लागले. चौकशी न करता केली म्हणून लिहिणं हवालदाराच्या स्वभावात नव्हतं. तो गस्तीवर असला की खरोखरच लॉजवर आणि बस थांब्यावर विचारून येई. लोकही, सगळं माहीत असून, विचार करून मगच नाही म्हणत.

पंपवाल्यांच्या परतीचा दिवस जवळ आला, तेव्हा तो शेवटचा आला.

“या वेळी सांगण्यासारखं आहे,” तो म्हणाला. “बस थांब्यावर एक बाई दिसल्या. पांढरे केस. चष्म्याला दोरी. निळा स्वेटर. भरभर चालत होत्या.”

पंपवाल्यांचा कप हातातच राहिला. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यासाठीचे शब्दही आता त्यांना एकूणएक येत होते, जनावराचा, झाडाचा, दिव्याचा, माणसाचा. तरी छातीत काहीतरी उठून उभं राहिलं.

“मग?”

“मी मागे गेलो. हाक मारली. ‘बाई’ म्हणून, तुम्ही म्हणता तशीच.”

“आणि?”

“त्यांनी वळून पाहिलं नाही. बसमध्ये चढून गेल्या.” हवालदाराने मान खाली घातली. “म्हणजे त्या नव्हेत. तसं लिहितो.”

पंपवाल्यांनी कप पायरीवर ठेवला.

“हाक एकदाच मारलीत?” त्यांनी विचारलं.

“एकदाच.”

“बाई पहिल्या हाकेला वळत नाहीत,” पंपवाले म्हणाले. “दोनदा मारावी लागते.”

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि ते लिहून घेतलं.